कंपायलर गप्प बसला तेव्हा

...नाही, पण मी म्हणतो, एरवी इतकं बोलतोस, तर नेमकं तेव्हाच तोंड का शिवून बसलास? माणसाला नाही म्हणत हो, कंपायलरला! आमचा प्रोग्राम चालू होण्याआधी तो सगळा वाचतो आणि चुका काढतो. आणि कशा काढतो! "ही वस्तू तू मघाशी दुसऱ्याला दिलीस, आता परत हात का लावतोस?" अरे बाबा, माझीच वस्तू आहे! "असेल. आता नाही." असा खडूस! आणि त्या दिवशी, तुम्हाला सांगतो, त्यानं चकार शब्द काढला नाही!

काम काय, तर अँब्युलन्समधल्या पेशंटच्या हृदयाचे ठोके हॉस्पिटलच्या स्क्रीनवर दिसले पाहिजेत, पेशंट पोचायच्या आधी. त्यासाठी निरोप इकडून तिकडे नेणारी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, घेतली. भारी सभ्य! समोरच्यानं "पाठव" म्हटल्याशिवाय पाठवत नाही. मागाल तेवढंच देणार, म्हणजे माहितीचा लोंढा येऊन कुणी बुडायला नको. मला वाटलं, वा, काय संस्कार!

आता चाचणीला पेशंट कोण? आमच्या पल्लवी मॅडम म्हणाल्या, "कौस्तुभ, घरचंच कुणी बघ ना." मी घरी बोललो मात्र, सासरे लगेच तयार! मुकुंदराव. जन्म हैदराबादच्या सुलतान बाजारात गेलेला, मी पुण्याचा, त्यामुळे निम्मं बोलणं मला आजही अंदाजानं कळतं. "हौ, मैं सोता ना! एसी गाडी आहे, फुकट फिरवतात, कायको नक्को म्हणू?"

गाडी हिमायतनगरहून निघाली. मी सिकंदराबादच्या हॉस्पिटलात स्क्रीनपाशी. शेजारी डॉक्टरीणबाई, मॅडम, आणि... सासूबाई! शोभाताई. "ह्यांना टीव्हीवर बघायला" आलेल्या, नवी साडी नेसून. रेघ उमटली, वरखाली नाचायला लागली. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "अगो बाई, एवढं धडधडतंय?" सगळे हसले. आणि हसता हसता... रेघ सरळ झाली.

सरळ! कोपऱ्यात हिरवा दिवा चालू, म्हणजे जोडणी तुटलेली नाही. फक्त माणूस... "जावईबापू, ही अशी का झाली हो?" मी म्हटलं, "काही नाही, काही नाही," आणि फोन शोधायला लागलो. कोड माझा आहे, चूक माझीच असणार, हे डोक्याला कळत होतं हो, पण रेघ सरळ ती सरळच! सासूबाई खाली बसल्या. मी फोन लावला. वाजतोय, वाजतोय, वाजतोय... उचलत का नाहीत?

"हां, बोला."

"बाबा! तुम्ही... बरे आहात ना?"

"बरा नाही तर क्या? सिग्नलला थांबलोय. ही कायको रडू रही मागे?"

"इथे रेघ सरळ झालीय तुमची!"

"म्हणजे मैं मेलो?... मला तर कुणी बोल्या नाही!"

कारण सापडलं. स्क्रीनच्या बाजूनं मी पहिल्यांदा मूठभर ठोके मागितले होते आणि ते आल्यावर "आणखी पाठव" म्हणायचंच विसरलो होतो. लायब्ररी सभ्यपणानं वाट बघत बसली! आणि नवीन काही आलं नाही की शेवटचा आकडाच पुढे ओढत न्यायचा, हा शहाणपणाही माझाच. प्रोग्रामचं व्याकरण शुद्ध होतं ना, मग काय? कंपायलरनं चकार शब्द काढला नाही!

एक ओळ घातली. रेघ पुन्हा नाचायला लागली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, सासूबाईंनी डोळे पुसले. डॉक्टरीणबाई मात्र टाळ्या वाजवेनात. त्या स्क्रीनजवळ गेल्या. "मध्येच ठोका गळतोय. हे तुमच्या प्रोग्राममुळे?"

तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, चूक माझीच असू दे! गाडीतल्या मशीनच्या नोंदी मागवल्या, ठोक्याला ठोका लावून पाहिला. शोधतोय, शोधतोय... एरवी ढिगानं सापडतात, त्या दिवशी एक चूक सापडेना! कंपायलरनं चकार शब्द काढला नाही, आणि या वेळी त्याचं बरोबर होतं. "नाही," मी म्हटलं, "हे बाबांच्या हृदयाचंच आहे." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग गाडी सरळ इकडे आणा. सायरन लावून."

त्याच आठवड्यात पेसमेकर बसवला. आता ठणठणीत आहेत, विश्रांतीला आमच्याकडेच असतात. भेटायला येईल त्याला सासूबाई सांगतात, "जावयाच्या मशीननं वाचवलं हो!" आणि सासरे पलंगावरून ओरडतात, "हौ! पहले मारलं, फिर वाचवलं!"

दोघंही खरंच सांगतात.