पान सात काढा

छापखानेवाला : "दिवा लागतो, पण दिवसा." "पुस्तकं वाटली. चष्मे राहिले." "आजोबांना सोबत नको होती, भांडायला माणूस हवं होतं." "नळ आला. खाली बादली मावत नाही." "उतार फोडला." ताई, हे स्मरणिकेचं पान आहे की कुणाच्या खिशातल्या चिठ्ठ्या?

भाची : पान सात आहे. आमच्या सेवा क्लबांच्या वह्यांमधून घेतलंय. जसंच्या तसं छापा.

मामा : छापू नका.

छापखानेवाला : घ्या, साहेबही आले. प्लेट चढवून अर्धा तास झालाय. प्रती उद्या सकाळी समारंभाला हव्यात ना?

मामा : हव्यात. पान सात काढा आणि तिथे माझं मनोगत टाका.

भाची : मामा, तुझं मनोगत पान चारवर आहे. तिसऱ्यावर तुझा फोटो आहे.

मामा : माझा एकट्याचा नाही, अकरा संस्थापकांचा आहे. पन्नास वर्षं झाली. एका क्लबाचे त्रेचाळीस झाले. गावोगावची तरुण पोरं उद्या येणार, पाहुणे येणार, आणि त्यांच्या हातात आपण काय देणार? बादली मावत नाही?

भाची : मावत नव्हती. महिन्याने जाऊन विचारलं म्हणून कळलं. मग नळ वर घेतला. तेही लिहिलंय.

छापखानेवाला : लिहिलंय. "नळ वीतभर वर घेतला. आता गळतो."

भाची : शनिवारी वायसर बदलतोय.

छापखानेवाला : काम झाल्यावर महिन्याने परत जायचं, हे खूळ कुणी काढलं?

भाची : ह्यांनाच विचारा.

मामा : जुनी पद्धत आहे.

भाची : जुनी आहे, पण तुझ्या इतिहासात नाही. तिथे काय आहे? "समाजसेवेच्या उदात्त हेतूने अकरा तरुण एकत्र आले." झालं. दवाखान्याच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधलात, फीत कापलीत, टाळ्या घेतल्यात. दुसऱ्या दिवशी एक बाई खुर्चीतून आली, अर्ध्यावर चढली आणि मागे घसरली. हे कुठे आहे?

मामा : पडली नाही ती. कंपाउंडरने धरली.

भाची : म्हणजे आठवतंय.

मामा : चढ फार होता. जागा तेवढीच होती, विशीतली पोरं आम्ही, खुर्ची कुणी ढकलून बघितली नव्हती. चुकलं. आता काय पन्नास वर्षांनी पाहुण्यांसमोर कान पकडू?

भाची : कान कशाला पकडतोस? ती काय म्हणाली, तेवढं सांग.

मामा : "हे कुणासाठी बांधलंत?"

भाची : मग?

मामा : मग फोडला. लांब, वळणाचा बांधला. महिन्याने तिला विचारायला गेलो. तेव्हापासून वही ठेवली. डाव्या पानावर झालं ते, उजव्या पानावर राहिलं ते.

भाची : आणि तीच वही बघून दुसऱ्यांनी क्लब काढले. त्रेचाळीस क्लब त्या उजव्या पानातून निघालेत, मामा. फितीतून नाही.

मामा : भाषण उद्या कर. सगळ्या क्लबांच्या मंडळाचा अध्यक्ष मी आहे. पान सात छापलं, तर तुझ्या क्लबाची मान्यता काढून घेईन. भाची म्हणून सोडणार नाही. क्लबाचा शिक्का आण इकडे.

भाची : हा घे. पॅडही घे, तसंही वाळलंय. वही मिळणार नाही. शनिवारी आम्ही बारा जण जाणारच आहोत. मी रोज घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरते, आजवर वायसर बदलायला कुणी शिक्का मागितलेला नाही.

छापखानेवाला : मला फक्त सांगा, मशीन चालू ठेवू का?

मामा : बंद करा.

भाची : चालू राहू दे.

छापखानेवाला : मी चहा पिऊन येऊ का?

भाची : थांबा. तुम्हीही ऐका. मामा, सदस्यांची पहिली नोंदवही काल मी बघितली. तुझा नंबर तीन. अकराव्या संस्थापकाचा नंबर बारा. एक नंबरवर शाई फासलीय. एक नंबर कुणाचा?

(मामा कागदाच्या गठ्ठ्यावर बसतो. मशीनचा आवाज चालू आहे.)

मामा : तिचा.

भाची : खुर्चीतल्या बाईंचा?

मामा : बाई काय म्हणतेस. बावीस वर्षांची होती, आमच्याएवढी. आम्ही नवीन उताराची मापं घ्यायला गेलो, तर म्हणाली, मापं देते, पण आधी सदस्याचा फॉर्म आणा. आमच्याकडे फॉर्मच नव्हता. क्लबच नव्हता. तिने वहीचं पान फाडून स्वतःच तयार केला, वर एक नंबर टाकला आणि सही केली.

भाची : आणि खोडला कुणी?

मामा : पुढे मंडळाची नोंदणी करताना, मी. फोटोत अकरा होते. कागदात बारा कसे दाखवायचे?

भाची : तिला विचारलंस?

मामा : नाही.

भाची : महिन्याने?

मामा : नाही म्हटलं ना. आता ती नाही. कोण विचारणार आहे?

भाची : मी विचारतेय. आणि उद्या त्रेचाळीस क्लबांची पोरं विचारतील, कारण विचारायलाच तुम्ही आम्हाला शिकवलंत. ती फोटोत का नव्हती?

छापखानेवाला : साहेब, पान सातचं काय करू?

मामा : छापा.

छापखानेवाला : आणि तुमचं मनोगत?

मामा : एकदा आहे तेवढं पुरे. शिक्का घे गं तुझा. पान तीनची प्लेट उतरवा.

छापखानेवाला : फोटो काढून टाकू?

मामा : फोटो राहू दे. खाली एक ओळ घाला.

छापखानेवाला : सांगा.

मामा : स्टुडिओला नऊ पायऱ्या होत्या.