धाग्याचं टेन्शन

फिजिओथेरपीसाठी थांबलो होतो. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं.

“डॉक्टर म्हणालेत ना, टेन्शन घ्यायचं नाही?”

“अहो, त्यांचं टेन्शन डोक्यातलं. तुमचं हायटेन्शन खांबावरचं, जन्मभर चढलात. माझं शिलाई मशीनच्या धाग्यातलं. ते बोटांनाच कळतं.”

“पण अर्धांगाच्या झटक्यानंतर तुझ्या बोटांना चटकासुद्धा कळत नव्हता!”

“म्हणूनच काल गुपचूप मशीनवर बसले. धागा ओढून पाहिला.”

“मग?”

“फार ताठ लागला. स्क्रू जरा ढिला केला.”

“लागला? या बोटांना?”

“याच! तुमच्या शर्टाचा उसवलेला खांदा कुणी शिवला, सकाळपासून विचारताय ना?”

“अगं… तू?”

“नुसते बघत काय बसलात? खांबावर तार ओढायचात, तसा ओढा. उसवून दाखवा!”