बेल कोण देणार?

(रविवारची दुपार. मुलुंडला चेतना आणि जोगेश्वरीला तिची धाकटी बहीण नीलम, आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून बसचा एकच गेम मिळून खेळतायत. आवाज स्पीकरवर.)

नीलम : ताई, तू बसमध्ये चढलीस ना? मला दिसत नाहीयेस.

चेतना : चढले की. मागच्या दाराने. उभी आहे.

नीलम : मागे काय करतेयस?

चेतना : मग कुठे उभी राहू?

नीलम : उभं नाही राहायचं, बसायचं. पुढे. ड्रायव्हर तू आहेस आज.

चेतना : अगं हो की. सवयीने गेले. जन्म गेला तिकिटं फाडण्यात, मला बसचं तेवढंच टोक माहीत.

नीलम : बाण दाबत पुढे ये. हां. आता सीटवर क्लिक कर. स्टिअरिंग लावलंयस ना, मी पाठवलेलं?

चेतना : लावलंय. टेबलाला घट्ट बसत नव्हतं, खाली पोळपाट सरकवला.

नीलम : झकास. आता ऐक. कंपनी मी काढलीय. नाव ‘दोघी बहिणी ट्रान्सपोर्ट’. रूट एक, गाड्या दोन. पुढची तुझी, मागची माझी. प्रवासी दोघींचे मिळून मोजतात, आणि तू लेट झालीस की माझेही पॉइंट जातात.

चेतना : म्हणजे मार तुलाही बसणार.

नीलम : म्हणून तर म्हणते, नीट चालव.

चेतना : गाव कुठलं गं हे? रस्त्यात माणूस नाही. बंद पुकारलाय का?

नीलम : परदेशातलं आहे. तिथं एवढंच असतं.

चेतना : आणि स्टॉपवर बघ, रांगेत उभे आहेत. एक जण पुढे घुसत नाही. यांना बसमध्ये जायचंय की फोटो काढायचाय?

नीलम : ताई, गाडी चालू कर. हिरवं बटण. दार उघड, ते चढतील. चढले? दार बंद कर. हँडब्रेक काढ. गिअर ऑटोमॅटिक आहे, फक्त पाय दाब आणि निघ.

चेतना : हं.

नीलम : निघ.

चेतना : हं.

नीलम : ताई, मी तुझ्या मागे येऊन थांबलेय. दार बंद आहे, रस्ता मोकळा आहे. काय अडलंय?

चेतना : बेल.

नीलम : काय?

चेतना : डबल बेल झाली नाही अजून.

नीलम : कंडक्टरच नाहीये या गेममध्ये. बेल कोण देणार?

चेतना : वाट लागली. परत तेच झालं.

नीलम : परत म्हणजे?

चेतना : गेल्या महिन्यात डेपोत ट्रायल होती ना, ड्रायव्हरच्या बॅचची. तिथे पण हेच केलं मी.

नीलम : दाजी तर म्हणाले गाडी बंद पडली.

चेतना : तुझे दाजी झाकून घेतात. गाडी काही बंद पडली नव्हती. मी बंद पडले. माणिक सर बाजूला बसलेले, परीक्षा घ्यायला. म्हणाले, चला. मी इंजिन चालू केलं, गिअर टाकला, आणि बसून राहिले. ते म्हणाले, बाई, कशाची वाट बघताय? मी म्हटलं, बेलची.

नीलम : अरे देवा.

चेतना : तोंडातून निघून गेलं गं. कंडक्टरची बेल झाल्याशिवाय गाडी हलत नाही, हे इतकी वर्षं मीच ड्रायव्हरांना ऐकवलंय. एकदा एक जण बेलच्या आधी निघाला, एका म्हातारीचा पाय पायरीवर होता. त्याला मी भर रस्त्यात झापलंय. आणि आता मीच पुढे बसले तर मला कोण बेल देणार? ग्राउंडवरचे सगळे ड्रायव्हर हसले. आता मी गेटातून आत आले की कोणीतरी तोंडाने करतंच. टिंग टिंग. कँटीनचा पोरगा पण चहा देताना करतो.

नीलम : आणि मला आज सांगतेयस.

चेतना : हसशील म्हणून.

नीलम : हसतेच आहे.

चेतना : हस. तू हसलेलं चालतं.

नीलम : पण म्हणून मला गेम लावून द्यायला सांगितलंस? गेम खेळून ट्रायल पास होत नसतात, ताई.

चेतना : लायसन आहे माझ्याकडे, मोठ्या गाडीचं. मोटर स्कूलचा ट्रक चालवून मिळवलंय. हातात काही खोट नाही माझ्या. मला फक्त बेलशिवाय निघायचंय. उद्या परत बोलावलंय. जेवढं थांबायचं तेवढं आज तुझ्या परदेशात थांबून घेते.

नीलम : मग निघ ना बाई, मागे माझ्या बसमधले पॅसेंजर रडायला लागलेत.

चेतना : निघाले. हे बघ. कसला आवाज आला?

नीलम : खांबाला घासलीस.

चेतना : खांब रस्त्यात होता.

नीलम : खांब फुटपाथवर होता. दंड पडला कंपनीला.

चेतना : भरू. नवीन आहे म्हणावं. अहो, तुम्ही आलात? लवकर सुटलात आज.

शिवदास : आवाज जिन्यापर्यंत येतोय. हे काय चाललंय?

चेतना : बस.

नीलम : जयभीम, दाजी.

शिवदास : जयभीम. तूच हे खूळ लावून दिलंस होय हिला. चेतना, जेवायला काय आहे?

चेतना : झाकून ठेवलंय. घ्या वाढून. मी ड्युटीवर आहे.

शिवदास : खेळण्यातल्या बसवर ड्युटी. खरी गाडी अंगावर येते, कळलं? मी रोज चालवतो, मला विचार.

चेतना : येऊ दे अंगावर. नीलम, इथे डावीकडे वळायचं ना?

नीलम : हो. इंडिकेटर दे आधी.

शिवदास : उद्या जाऊ नकोस.

चेतना : का?

शिवदास : का ते तुला माहितीये. डेपोत लोक रोज मला विचारतात, शिवदास, वहिनींना बेल द्यायला तू जाणार का रे. सगळ्यांच्या देखत. मान खाली घालून निघावं लागतं मला.

चेतना : मग वर करायची. तुमची मान आहे.

शिवदास : सोपं आहे बोलायला.

चेतना : मागे उभी होते तेव्हा लोक काय काय करायचे, ते घरी येऊन सांगितलं होतं ना तुम्हाला? कोणी धक्का मारायचा, कोणी सुट्ट्या पैशांवरून आईबहीण काढायचा. तुम्ही काय म्हणालात? नोकरी आहे, सहन कर. केलं. आता चार माणसं टिंग टिंग करतायत तर म्हणता जाऊ नकोस. तेव्हा मला लागत होतं, आता तुम्हाला लागतंय, एवढाच फरक आहे.

शिवदास : मी तसं नाही म्हणालो.

चेतना : माणिक सरांना काय म्हणालात?

शिवदास : कोणाला?

चेतना : माणिक सरांना. चेतनाचं नाव कापा, तिची इच्छा राहिली नाही. असंच ना?

शिवदास : कोणी सांगितलं तुला?

चेतना : त्यांनीच. फोन केला काल. म्हणाले, शिवदास सांगून गेलाय, पण नाव तुमचं आहे, तर मी तुमच्याच तोंडून ऐकतो. मी म्हटलं, येतेय.

नीलम : दाजी, खरं का हे?

शिवदास : हिच्या भल्यासाठीच केलं मी.

चेतना : माझं भलं करायचं असलं की मला विचारत जा.

नीलम : ताई, मी बंद करते. तुम्ही बोलून घ्या दोघं.

चेतना : काही बंद करू नकोस. पुढच्या स्टॉपवर माणसं उभी आहेत. आणि मला जे बोलायचंय ते तुझ्यासमोर बोलायला मी भीत नाही.

शिवदास : समज, उद्या परत बसून राहिलीस तर?

चेतना : तर बसून राहीन. हसतील. हसून झालं की निघेन. नापास केलं तर तिसऱ्यांदा जाईन, चौथ्यांदा जाईन. त्यांची तोंडं दुखतील हसून. मी त्या डेपोतून बस बाहेर काढणार म्हणजे काढणार, मग कोणी तोंडाने बेल देवो नाहीतर ढोल वाजवो. तुम्हाला लाज वाटत असेल तर त्या दिवशी रजा टाका.

शिवदास : रजा कशाला टाकू मी?

चेतना : मग तिथे उभं राहून बघा.

नीलम : ताई.

चेतना : काय गं?

नीलम : तू स्टॉपवर थांबलीस. दार उघडलंस, सहा जण चढले, दार लावलंस आणि निघालीस.

चेतना : मग?

नीलम : बेलचं नाव नाही काढलंस.

चेतना : खरंच की. भांडणात राहून गेलं.

नीलम : उद्या पण कोणाशी तरी भांडत चालव.

चेतना : माणसांची काय कमी आहे तिथे. अहो, असे मागे उभे का? जेवा ना.

शिवदास : जेवतो. वळण येतंय पुढे.

चेतना : दिसतंय.

शिवदास : वेग कमी कर. हां. मागचं चाक चढणार नाही बघ आता. बरं घेतलंस.

नीलम : दाजी, तुम्हाला पण देऊ का एक गाडी? कंपनीत जागा आहे.

शिवदास : नको. चेतना, तो डावा आरसा जरा बाहेर काढ. मी माझ्या गाडीवर तसाच ठेवतो.

चेतना : राहू दे. माझ्या उंचीला बरोबर आहे.