केळव्याचे दोनशे फोटो

मुरबाडच्या स्टँडवर भावना धसईच्या गाडीची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर गिरजाबाई, मुलगा अक्षय आणि सून भूमिका बसली होती. कालच सगळी पोरांसकट केळव्याच्या समुद्रावरून परतलेली.

“दोनशे फोटू काढलंस, नि घरचं एक माणूस नाय त्यात?”

“प्रयोग होते गो आई. नुसता समुद्र घ्यायचा होता.”

“धसईला माझी बहीण इचारंल, दर्या खराच बघितलास का? तिला काय लाटा दाखवू?”

“ह्यांनी एकेका फोटोला कॅमेरा अर्धा मिनिट उघडा ठेवला, आई. हलला तो गायब. मी नि पोरं पाण्यात नाचत होतो, आमचं धुकं झालं.”

“थांब, हा शेवटचा बघ. आई, ही तू!”

“अगो बाई! मी एकटीच? नि एवढी साफ?”

“तूच तेवढी हलली नायस.”

“हलंन कशी? तुमच्या सगळ्यांच्या चपला छातीशी धरून उभी होते!”

गाडी लागली. भावनाही त्या फोटोवर वाकली होती.

“हाच दाखवू मावशीला?” अक्षयने विचारलं.

“दाखव. पण धसई येईस्तोवर फोटूतल्या त्या चपला पूस, नि माझ्या हातात नारळ ठेव.”