दिन्याचा दिनकर कोणत्या पानावर झाला?

जमलेल्या सर्वांना जय भीम, नमस्कार.

दिवसभर फोनवर अमेरिकेशी बडबडणारा माणूस मी. पण आज तुमच्यासमोर कागदावर लिहून आणलेलं वाचतोय. सांभाळून घ्या.

माझ्या आधी बोलले ते सगळे ‘कांबळे मॅडम’ म्हणाले. कचेरीत त्या मॅडमच होत्या. धायरीला त्यांच्या घरी दर शनिवारी आमचं कथावाचन असायचं, तिथे मीही सुरुवातीला मॅडमच म्हणायचो. नियम एकच. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि निवेदनात पात्राला ज्या नावाने हाक मारलीय ते खोटं वाटलं की बाई स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायच्या. टण्ण! वाचन बंद.

माझी कादंबरी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सोसलीय. गावातला दिन्या कॉम्प्युटर शिकतो, कंपनीत साहेब होतो. बाई म्हणाल्या, “अहो आयटीवाले, शेवटपर्यंत दिन्याच? पोरगा वाढला की नाही?”

मी हुशार! घरी जाऊन एक बटण दाबलं, सगळीकडे दिन्याचा दिनकरराव करून टाकला. पुढच्या शनिवारी ऐटीत वाचायला बसलो. “पाळण्यात दिनकरराव भोकाड पसरून रडत होते. आईने दिनकररावांचं दुपटं बदललं.” चमचा वाजलाच नाही. हसता हसता तो बाईंच्या हातातून खाली पडला होता!

मग डोळे पुसत म्हणाल्या, “तो दिनकर कधी झाला, ते पान दाखवा.”

म्हटलं, साहेब झाला तेव्हा. “छे, ते कंपनीने केलं.” विमानात बसला तेव्हा? “ते तिकिटाने केलं. त्याने स्वतः काय केलं?”

आठवडाभर शोधलं. सापडलं. भरल्या मीटिंगमध्ये दिन्या उभा राहतो आणि हाताखालच्या मुलीवर ढकललेली चूक आपली आहे, असं सांगतो. तिथपर्यंत दिन्या, तिथून पुढे दिनकर. वाचलं. पेला गप्प. निघताना त्या म्हणाल्या, “सावकाश जा रे, निखिल.” आयटीवाले संपले. त्या दिवसापासून मीही ताई म्हणायला लागलो.

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं. दिनकर बऱ्याच वर्षांनी घरी येतो. आता त्याला काय म्हणायचं? दवाखान्यात ताईंना विचारलं. “आधी वाचून दाखव. ऐकल्याशिवाय मी काही सांगायची नाही.” तो शनिवार आलाच नाही. ताईंशिवाय ही कादंबरी पुरी होईल का, याची मला खरंच धास्ती होती.

आज सकाळी शेवटची ओळ लिहिली. ताई, ऐक.

“आईने दार उघडलं. उंबऱ्यापाशी चपला काढून दिन्या आत आला.”

मंडळी, ताईंच्या भाचीने, वंदनाने, तो पेला आणि चमचा आणून इथे फोटोपाशी ठेवलाय. आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. चमचा वाजला नाही, तर कादंबरी पुरी झाली, असं मी समजेन.