तिसरी डिस्क, पिवळा दिवा

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि एक गृहस्थ उभे होते. बाईंच्या हातात निवृत्तीचा गुच्छ होता.

“मॅडम, आज सांगूनच टाकतो. सर्व्हरचे दिवे मला सगळे सारखेच दिसतात. चांगल्या डिस्कचा हिरवा कुठला, बिघडलेलीचा पिवळा कुठला, काही कळत नाही.”

“ठाऊक आहे मला. पहिल्याच महिन्यात चांगली डिस्क उपसायला निघाला होतास.”

“म्हणजे तुम्ही शेजारी उभ्या राहून ‘तिसरी डिस्क, पिवळा’ असं पुटपुटायचात, ते...”

“मग काय, गाणं म्हणत होते?”

“बारा वर्षं! आणि कुणाला पत्ता लागू दिला नाहीत. माझी नोकरी तुमच्यामुळे टिकली हो. आता सोमवारपासून कसं व्हायचं?”

“नव्या बाईंना सांगून ठेवलंय, आपल्याकडे दिवे मोठ्याने वाचायची पद्धत आहे म्हणून.”