तीन रकाने आणि एक शुक्रवार

...नाही, पण मला सांगा, शेहेचाळिसाव्या वर्षी लॉ कॉलेजचे फॉर्म भरायचे म्हणजे बाईने गुपचूप भरून टाकावेत की नाही? तर नाही. आधी यादी. आणि यादी कशी, तर समतोल हवी. हे कोण म्हणतं, तर माझी लेक, जिचा हात धरून मी अक्षरं गिरवून घेतली ती. तीन रकाने आखले तिने... आवाक्याबाहेरची दोन, जमण्यासारखी तीन, हमखास एक. "आई, मोठं स्वप्न बघ, पण पाय जमिनीवर ठेव." म्हटलं, एकोणीस वर्षं वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करतेय, माझे पाय टेबलाखालीच असतात.

तुम्हाला सांगते, पहिल्या खेपेला मी सहाच्या सहा कॉलेजं आवाक्याबाहेर टाकली. लेक म्हणाली, "हे काय?" म्हटलं, माझी मार्कशीट बघ, पिवळी पडलीय, घडीवर फाटलीय... तेवढ्यात नवरा डोकावला. "ते पुलाजवळचं हमखासमध्ये टाक की, दुपारी जेवायला घरी येता येईल." कोणाच्या जेवायला, विचारलं. डोकं आत घेतलं त्याने. सासूबाई आतून म्हणाल्या, "मिळेल गं प्रवेश, वाद घालायचा सराव काय कमी आहे तुला?"

झाली बाई यादी समतोल.

मग पहिल्याच फॉर्मवर प्रश्न, कायदा का शिकायचाय? दोन पानं. आता काय लिहू? साहेबांकडे येणारं माणूस आधी माझ्या टेबलापाशी रडतं हो. मी पाणी देते, ऐकते, आणि टाइप करते, 'अर्जदार नम्रपणे कथन करते की'... पुढे काय करायला हवं ते मला कळत असतं, पण मी कोण बोलणार? आणि साहेब पुढच्या वर्षी ऑफिस बंद करतायत, मग तर ऐकायलाही कोणी येणार नाही. हेच लिहिलं. सात वेळा खोडून लिहिलं. पाच फॉर्म पाठवले, आणि सहावा, पुलाजवळचा... म्हटलं, हमखासच आहे, पळून कुठे जातंय?

सोमवारी चहा गाळताना लेक म्हणाली, "आई, पुलाजवळचा पाठवलास ना? शुक्रवारी मुदत होती."

गाळणी हातातच राहिली. मुदत चुकली, माझी. साहेबांच्या प्रत्येक केसची मुदत लाल पेनाने कॅलेंडरवर लिहिणारी बाई मी, एकोणीस वर्षांत एक तारीख हुकली नाही. आता यादीत आवाक्याबाहेरची दोन, जमली तर जमली अशी तीन, आणि हमखासचा रकाना कोरा. म्हणजे माझी पहिली यादीच बरोबर होती की. समतोल म्हणे.

तोंड पाडून साहेबांकडे गेले. त्यांनी फाइलमधून मान वर केली नाही. "घाबरता काय? विलंब माफीचा अर्ज करू. कारण तेवढं सबळ हवं. घ्या टाइप करायला."

तर बसलेय मशीनसमोर. 'अर्जदार नम्रपणे कथन करते की' इथपर्यंत झालंय. पुढचं अशिलाने सांगायचं असतं. अशील नुसतंच बसलंय... पाणी दिलंय त्याला.